कूलंट जातं कुठं? जुन्या मिनीव्हॅनची गळती शोधताना

सकाळी बॉनेट उघडावं, तर कूलंटचा डबा खालच्या रेघेपर्यंत उतरलेला. जमिनीवर थेंब नाही, तापमानाची सुई कालपर्यंत मध्यावरच होती. आपण पेलाभर कूलंट ओततो, झाकण लावतो आणि कामाला लागतो. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग मनाची समजूत घातली जाते : गाडी जुनी झाली, थोडं पिणारच.

ही समजूत महागात पडते. इंधन खर्च होण्यासाठीच असतं, कूलंट नाही. ते बंद फेऱ्यात फिरतं : इंजिनातून उष्णता उचलायची, रेडिएटरमध्ये टाकायची, परत इंजिनात जायचं. वर्षभरात बोटभर घट झाली तर दुर्लक्ष करता येईल. दर पंधरवड्याला ओतावं लागत असेल, तर ते एक तर बाहेर पडतंय किंवा इंजिनाच्या आत नको तिथं शिरतंय. यातलं कोणतं, आणि नेमकं कुठून, हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः आधी रेडिएटर बदलला, मग कूलंट फिरवणारा वॉटर पंप. गळत होता गाडीच्या पोटाखालून मागच्या हीटरकडे गेलेला एक पाइप. दोन चांगले पार्ट काढून टाकले आणि गळती होती तशीच राहिली.

शोध घ्यायचा तर आधी दाब समजून घ्यायला हवा. कूलिंग सिस्टिम म्हणजे प्रेशर कुकर. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळतं. अर्धं पाणी आणि अर्धं इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असं मिश्रण साधारण १०७ अंशांपर्यंत तग धरतं. त्यावर दाब चढवला की उकळबिंदू आणखी वर जातो : दर एक पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) सुमारे दीड अंश. १५ पीएसआयचं झाकण असेल तर मिश्रण १२९ अंशांच्या आसपास उकळेल. रेडिएटरचं झाकण हे कुकरच्या शिट्टीचं काम करतं. ठरावीक दाबापर्यंत ते बंद राहतं, त्यापुढे जास्तीचं कूलंट डब्यात सोडतं. त्यात दुसरी एक छोटी झडपही असते. इंजिन गार होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा ही झडप उघडून डब्यातलं कूलंट परत आत ओढून घेते. ती अडकली, तर गार इंजिनावर रेडिएटरचा वरचा होस पाइप चपटा झालेला दिसतो. म्हणून तपासणीची सुरुवात झाकणापासून करावी. रबर कडक झालंय का, चिरलंय का, स्प्रिंग मेलीय का, हे बघा. कमजोर झाकणामुळे कुठंही भोक नसताना कूलंट कमी होत राहतं, कारण ते कमी दाबालाच बाहेर ढकललं जातं.

दाबामुळेच गळती लपंडाव खेळते. इंजिन गरम आणि दाब पूर्ण असताना एखाद्या बारीक चिरेतून फवारा उडतो, पण तो तापलेल्या एक्झॉस्टवर पडून तिथंच वाफ होतो. गाडी उभी केल्यावर जमीन कोरडी. उलट, काही गळत्या गार झाल्यावरच सुरू होतात. रबर कडक झालेलं असतं, गारव्यानं सगळं आकसतं, होस आवळून धरणाऱ्या क्लॅम्पची पकड ढिली पडते आणि पहाटे दोन थेंब पडतात. गाडी तापली की रबर फुगून तीच जागा बंद. त्यामुळे गळती एकदा गरम इंजिनावर आणि एकदा रात्रभर गार झालेल्या इंजिनावर, अशी दोन्ही वेळी शोधावी लागते.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट मनावर घ्या. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, फडकं घेऊनही नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि ११० अंशांचं कूलंट एका क्षणात उकळून हातातोंडावर येतं. वरचा होस हाताला गार लागायला हवा आणि दाबल्यावर मऊ लागायला हवा, मगच झाकणाला हात. त्याला तास-दीड तास लागतो, तो लागू द्या.

आता मोजमाप. गार इंजिनावर डब्याच्या पातळीशी मार्करनं रेघ मारा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. किती अंतरात किती उतरतं हे कळलं की गळतीचा स्वभाव कळतो. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून त्यावर चाकांच्या जागा आखून ठेवा. सकाळी डाग पडला असेल तर तो गाडीच्या कोणत्या भागाखाली आहे हे त्या आखणीवरून समजतं. दिसणारं प्रत्येक पाणी कूलंट नसतं. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं आणि बोटाला पाण्यासारखंच लागतं. गिअरबॉक्सचं तेल बहुधा लालसर, तेलकट असतं. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं, त्याला गोडसर वास येतो आणि वाळलं की पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली उरते. ही खपली सगळ्यात भरवशाचा पुरावा, कारण थेंब वाहून जातो पण खपली उगमापाशी राहते. चव घेऊन मात्र कधीही पाहू नका. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

नुसत्या डोळ्यांनी सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर आणा. हातपंप, त्याला दाबमापक आणि झाकणाच्या जागी बसणारा जोड, एवढंच ते हत्यार. इंजिन गार असताना कूलंट पूर्ण भरायचं, टेस्टर बसवायचा आणि झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब चढवायचा. जुन्या गाड्यांत तो बहुतेक वेळा १३ ते १६ पीएसआयच्या आसपास असतो. त्याहून जास्त चढवलं तर धडका हीटर कोरही (गाडीतली हवा तापवणारा छोटा रेडिएटर) फुटेल. मग पंधरा-वीस मिनिटं काटा बघत थांबायचं. काटा पडला नाही म्हणजे गळती नाही असं नव्हे. ती फक्त गरम असतानाची असू शकते. काटा पडत असेल तर बॅटरी आणि आरसा घेऊन शोधायला लागा. दाब आहे, पण इंजिन गार आहे, पंखा बंद आहे आणि काही भाजत नाही. इतकी सोयीची परिस्थिती पुन्हा मिळत नाही.

बहुतेक मिनीव्हॅनमध्ये इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि त्याचा मागचा अर्धा भाग काचेखालच्या पत्र्याच्या आत दडलेला असतो. व्ही-६ इंजिन (सहा सिलिंडर, तीन-तीनच्या दोन रांगांत) असेल तर मागची सिलिंडरची रांग जवळजवळ दिसतच नाही. तिथं डोकं जात नाही, मोबाइल जातो. त्याचा दिवा लावून व्हिडिओ सुरू करा, फटीतून आत फिरवा आणि बाहेर काढून सावकाश बघा. माझ्या मते जुन्या मिनीव्हॅनच्या तपासणीत यापेक्षा उपयोगी साधन नाही. तरीही दिसेना, तर कूलंटमध्ये अतिनील किरणांत चमकणारा रंग मिसळतात, चार-आठ दिवस गाडी चालवतात आणि अंधारात अतिनील बॅटरी मारून बघतात. काही कूलंट मुळातच थोडं चमकतं, हे लक्षात ठेवा, नाहीतर जुने शिंतोडे बघून भलत्याच जागेवर संशय येईल.

शोध नेहमी वरून खाली करायचा. थेंब जिथं लोंबतो तिथं गळती असेलच असं नाही. तो खालच्या कडेपर्यंत वाहत आलेला असतो. सगळ्यात वरची ओली जागा शोधा.

रेडिएटरचं पाहू. गेल्या काही दशकांतल्या बहुतेक रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. मधे रबरी गॅस्केट ठेवून धातूची कड दुमडलेली असते. वर्षानुवर्षं तापून आणि गार होऊन प्लास्टिक तपकिरी, ठिसूळ होतं. चीर पडते ती बहुधा होसच्या तोंडाशी किंवा त्या दुमडलेल्या कडेला. इपॉक्सी लावून घरापर्यंत पोचता येतं, पण दुरुस्ती म्हणजे नवा रेडिएटर. ऑटोमॅटिक गाडीत बहुधा रेडिएटरच्या टाकीतच गिअरबॉक्सचं तेल गार करणारी नळी असते. ती आतून फुटली की तेल आणि कूलंट मिसळून गुलाबी, दुधाळ द्रव तयार होतो. तो दिसला तर गाडी तिथंच बंद करा. क्लचच्या पट्ट्यांना कूलंट सोसत नाही आणि मग रेडिएटरचं काम गिअरबॉक्सच्या कामात बदलतं.

वॉटर पंपला पोटाशी एक मुद्दाम ठेवलेलं छोटं भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी त्या भोकातून बाहेर पडावं, यासाठी ते असतं. म्हणून त्या भोकाखाली वाहिल्याची रेघ दिसली तर भोक बुजवायचं नाही, पंप बदलायचा. पंपाची पुली हातानं हलवून बघा. खुळखुळत असेल तर बेअरिंगही गेलं आहे. पंप कशावर चालतो हे आधी पाहा. क्रायस्लरच्या ३.३ आणि ३.८ लिटर व्ही-६ इंजिनांत तो बाहेरच्या पट्ट्यावर चालतो, हात पोचतो. होंडा ओडिसीच्या व्ही-६ मध्ये तो टायमिंग बेल्टच्या आवरणाआड असतो. तिथं पंप बदलताना बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर सोबतच बदलावेत, कारण तीच उघडझाप पुन्हा करणं म्हणजे एका कामाची मजुरी दोनदा. जनरल मोटर्सच्या ३.४ लिटर व्ही-६ असलेल्या जुन्या मिनीव्हॅनमध्ये इनटेक मॅनिफोल्डची (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागाची) गॅस्केट ही सगळ्यांना माहीत असलेली दुखरी जागा आहे. तिथून कूलंट बाहेरही येतं आणि तेलातही उतरतं.

मिनीव्हॅनचं खरं वेगळेपण मात्र मागे आहे. मागच्या प्रवाशांसाठी ज्या गाड्यांत दुसरा हीटर दिलेला असतो, त्यांत इंजिनापासून दोन पाइप निघतात, गाडीच्या तळाखालून मागे जातात आणि बाजूच्या पॅनेलमधल्या छोट्या हीटर कोरला मिळतात. एक गरम कूलंट नेतो, दुसरा परत आणतो. म्हणजे काही मीटर लांबीची नळजोडणी चिखल, खडी आणि थंड देशांत रस्त्यावरचं मीठ खात उघड्यावर पडलेली असते. पाइप ज्या पकडीत बसवलेले असतात, तिथं माती साचते, ओल धरते आणि नेमकं पकडीच्या आड, न दिसणाऱ्या बाजूला, गंजून भोक पडतं. काही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या हीटरचे फाटे प्लास्टिकच्या टी-जोडातून निघतात; ते जोड उष्णतेनं इतके ठिसूळ होतात की होस काढताना हातात तुटून येतात. इथली गळती शोधायला अवघड, कारण गाडी धावत असताना वारा कूलंट मागे उडवतो आणि ओला दिसतो मागचा आस किंवा मागचा बंपर. इंजिनाजवळ सगळं कोरडं. माझे दोन पार्ट फुकट गेले ते याच कोरड्या इंजिनाकडे बघत बसल्यामुळे.

ही दुरुस्ती घरी जमण्यासारखी आहे. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर पक्की टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. गंजलेला तुकडा दोन्ही बाजूंनी निरोगी धातू लागेपर्यंत कापा आणि त्या जागी हीटरसाठीचाच रबरी होस बसवा. पाइपचा बाहेरचा व्यास मोजून होस घ्यायचा. १६ आणि १९ मिलिमीटर ही नेहमीची मापं. पाइपच्या कापलेल्या टोकाला फुगवटा नसतो आणि गुळगुळीत टोकावरून दाबाखाली होस सरकून निसटतो. म्हणून टोकाला फुगवटा काढून घ्या किंवा दातेरी पितळी जोड वापरा. होस एक्झॉस्टपासून आणि हलणाऱ्या भागांपासून दूर बांधा. पाइप जागोजागी सडले असतील तर पुढच्या बाजूलाच नेणारा आणि आणणारा फाटा एका यू आकाराच्या होसनं एकमेकांना जोडून मागचा हीटर वगळता येतो. इंजिनाला त्यानं काही बाधत नाही. मागे कुणी बसत नसेल तर मी हा मार्ग बिनदिक्कत सुचवीन. कडाक्याच्या थंडीत लहान मुलं तिसऱ्या रांगेत बसत असतील तर मात्र नवे पाइपच टाकावेत.

पुढचा हीटर कोर गळतो तेव्हा गाडीच्या आत खुणा दिसतात : डॅशबोर्डखालचा गालिचा ओला, काचेवर पुसली न जाणारी तेलकट धुकट झाक आणि हीटर लावला की गोड वास. तो बदलायला अनेक गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तोही वगळता येतो, पण मग काचेवरचं धुकं जात नाही, म्हणून हिवाळ्यात तसं करू नये.

बाहेर काहीच सापडलं नाही आणि पातळी उतरतेच आहे, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा, विचार करावा. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच होस दगडासारखा टणक होतो, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतात, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर थांबत नाही, एखादा स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा विचित्र स्वच्छ निघतो. या खुणा एकत्र दिसल्या तर संशय पक्का. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसती ओल असते. डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ झालं असेल तर गोष्ट वेगळी. खात्रीसाठी रासायनिक चाचणी आहे : रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा एका निळ्या द्रवातून ओढायची. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड आत येत असेल तर द्रव पिवळा पडतो. कूलंटची पातळी आधी थोडी खाली घ्या, नाहीतर ते नळीत ओढलं जाऊन चाचणी बिघडते. हे काम निघालं तर हेड उतरवून ते सपाट आहे का हे मशीन शॉपमध्ये तपासून घ्यावंच लागतं. गाडीचं वय आणि तिची बाकीची तब्येत पाहून निर्णय घ्या.

गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव कूलंटमध्ये टाकावा का, हे हमखास विचारलं जातं. रेडिएटरच्या सुईएवढ्या भोकावर तो चालतो. पण तो भोक आणि बारीक नळी यांत फरक करत नाही आणि मिनीव्हॅनमध्ये बारीक नळ्यांचे हीटर कोर बहुधा दोन. रानात अडकलात आणि परत यायचंच आहे, तर टाका. एरवी टाकू नका.

होस बदलणं हे सगळ्यात जास्त वेळा करावं लागणारं काम, म्हणून त्यातले बारकावे सांगतो. जुना होस पिळून ओढू नका. रेडिएटरचं प्लास्टिकचं किंवा हीटर कोरचं पातळ तोंड मोडेल. होसला धारदार चाकूनं लांबीच्या दिशेनं हलका चिरा द्या आणि सालीसारखा उलगडून काढा. तोंडावरची खपली काढून ते गुळगुळीत करा, कारण नव्या होसमधून गळती होते ती बहुतेक या खपलीमुळेच. होस बसताना अडत असेल तर त्याला कूलंट लावा. तेल किंवा ग्रीस नको, रबर खराब होतं. क्लॅम्प फुगवट्याच्या मागे बसला पाहिजे, फुगवट्यावर नाही. मूळचे स्प्रिंगचे क्लॅम्प चांगले असतील तर तेच परत वापरा. रबर फुगतं-आकसतं तशी त्यांची पकड आपोआप जुळते. स्क्रूचा क्लॅम्प आवळत सुटलात तर रबर कापलं जातं. एक होस वयानं गेला असेल तर त्याचा जोडीदारही त्याच वयाचा आहे, दोन्ही बदला.

भरायचं कूलंट रंग बघून निवडू नका. रंग हा कंपनीनं घातलेला असतो, तो आतल्या रसायनाची हमी देत नाही. गाडीच्या पुस्तिकेत कोणता प्रकार लिहिलाय ते पाहा आणि तोच घ्या. पाणी क्षारमुक्त हवं. प्रमाण अर्धं-अर्धं. नुसतं ग्लायकॉल भरलं तर ते कमी उष्णता उचलतं आणि गोठण्यापासून संरक्षणही उलट कमी होतं.

यानंतर हवा काढायची. हे अर्धवट राहिलं तर चांगली दुरुस्तीही फसल्यासारखी वाटते. गाडीचं नाक उतारावर उंच ठेवा, पुढचा आणि मागचा दोन्ही हीटर पूर्ण गरमवर लावा, हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो ढिला करा आणि सावकाश भरा. झाकण न लावता, तोंडावर उंच नरसाळं बसवून इंजिन चालू ठेवा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तेव्हा पातळी अचानक खाली जाते, तेवढं भरा. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या. मागच्या हीटरच्या जाळ्यांतून कढत हवा येईपर्यंत मागच्या पाइपांतली हवा निघालेली नसते आणि लांब पाइपांमुळे याला वेळ लागतो. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज आला तर अजून हवा आहे.

हवेचा धोका सुईच्या खोटेपणात आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट निघून गेलं आणि सेन्सर हवेत उघडा पडला की सुई चढण्याऐवजी खाली येते आणि इंजिन आत भाजत असतं. गाडी चालवताना हीटरची हवा अचानक गार पडली तर सुईवर विश्वास ठेवू नका. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो.

काढलेलं जुनं कूलंट लगेच झाकणाच्या डब्यात भरा आणि डब्यावर ठळक लिहा. सांडलेलं भरपूर पाण्यानं धुवा. त्याची चव गोड असते, कुत्री-मांजरी चाटतात आणि अगदी थोडंसंही त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं. लहान मुलांच्या हाताला ते लागू देऊ नका. गटारात ओतू नका, टाकाऊ तेल घेणाऱ्यांकडे द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, पातळी पुन्हा बघा. ती थोडी उतरलेली असेलच, उरलेली हवा रात्रीत निघते. तेवढं भरा, जुनी रेघ पुसून नवी मारा, किलोमीटर लिहा. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी बॉनेट उघडून फक्त त्या रेघेकडे बघायचं.